सिरुमची स्पेलिंगं

कुस्तीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला कोल्हापुरात साहित्याची वानवा नसते. खासबाग मैदान आहे, तालमी आहेत, जुने वस्ताद एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत आणि करवीर नगर वाचन मंदिरासारखं १८५० सालापासून चालत आलेलं ग्रंथालय गावातच आहे. अडचण येते ती याच कुस्तीशेजारी दुसऱ्या देशाची कुस्ती मांडायची ठरवली की. समजा विषय घेतला, ‘कोल्हापूरची मातीतली कुस्ती आणि कोरियाची सिरुम’. विषय उत्तम आहे. तिथेही आखाडा आहे, फक्त लाल मातीऐवजी वाळूचा. कमरेला आणि मांडीला कापडी पट्टा बांधतात, त्याला ‘सातबा’ म्हणतात. प्रतिस्पर्ध्याचा सातबा पकडूनच लढत सुरू होते. चितपट करावं लागत नाही. गुडघा किंवा गुडघ्याच्या वरचा कुठलाही भाग वाळूला टेकला की डाव गेला.

मग विद्यार्थी ग्रंथालयातल्या संगणकावर ओपॅक, म्हणजे ग्रंथालयाची ऑनलाइन सूची, उघडतो, शब्द टाकतो आणि समोर शून्य येतं. बहुतेक विषय या शून्यापाशीच मरतात. मार्गदर्शकही म्हणतात, ‘साहित्य नाही तर विषय बदला.’ पण ते शून्य पुष्कळदा खोटं असतं. पुस्तक किंवा लेख असतो, आपण त्याला चुकीच्या नावाने हाक मारलेली असते.

कोरियन शब्द रोमन लिपीत लिहिण्याच्या दोन मोठ्या पद्धती आहेत. एक मॅक्यून-रायशाउअर पद्धत, १९३० च्या दशकातली. दुसरी दक्षिण कोरियाच्या सरकारने २००० साली लागू केलेली सुधारित पद्धत. आजची कोरियन वर्तमानपत्रं, रस्त्यांवरच्या पाट्या आणि नकाशे दुसरीने चालतात. अमेरिकेतली लायब्ररी ऑफ काँग्रेस मात्र पहिली धरून आहे आणि जगभरची ग्रंथालयं तिच्या नोंदी उतरवून घेतात. म्हणून नकाशात ‘बी’ने सुरू होणारं बुसान ग्रंथालयाच्या नोंदीत ‘पी’ने सुरू होतं. चोसॉन राजवट एकीकडे ‘जे’खाली सापडते, दुसरीकडे ‘सीएच’खाली. ग्योंगजू शहर ‘जी’खालीही असतं आणि ‘के’खालीही.

जुन्या पद्धतीत काही स्वरांच्या डोक्यावर एक खूण असते, हुबेहूब आपल्या ‘ऑ’वरच्या चंद्रासारखी. इंग्रजी वाचक तिथे अडखळतात. मराठी वाचकाला मात्र ती खूण ओळखीची वाटावी, कारण ‘ओ’वर चंद्र आला की उच्चारही ‘ऑ’च्या जवळ जातो. ‘यू’वर चंद्र आला तर ओठ पसरून ‘उ’ म्हणायचा प्रयत्न करायचा. हा स्वर मराठीत नाही आणि सिरुममधला ‘उ’ नेमका तोच आहे. नव्या पद्धतीत तो ‘ई’ आणि ‘यू’ अशा दोन अक्षरांनी लिहितात. सुरुवातीचा ‘स’ही साधा नाही, दाबून काढलेला आहे, म्हणून दोन्ही पद्धतींत दोन ‘एस’ येतात. निष्काळजी लेखनात त्यातला एक गळतो. म्हणजे एकाच शब्दाची निदान चार रूपं झाली. २०१८ साली उत्तर आणि दक्षिण कोरियाने मिळून ही कुस्ती युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नेली, तेव्हा त्या नोंदीच्या शीर्षकातच मध्ये तिरकी रेघ देऊन दोन स्पेलिंगं छापली गेली. शोधणाऱ्याने हीच शिस्त पाळावी. संगणकापाशी जाण्याआधी कागदावर शब्दाची सगळी रूपं लिहून काढावीत आणि एकेक करून टाकावीत. खुणा आणि अपॉस्ट्रॉफी गाळूनही एकदा पाहावं. कुठल्या रूपाला किती निकाल आले तेही त्याच कागदावर टिपावं, कारण दोन महिन्यांनी आपण काय शोधलं होतं ते आठवत नाही.

कालखंड बदलला की नावंही बदलतात. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांत कोरिया बऱ्याचदा ‘सी’ने लिहिलेला असतो. १९१० ते १९४५ या जपानी राजवटीत छापलेल्या साहित्यात देशाचं नाव चोसेन, सोल शहराचं केइजो आणि बुसानचं फुसान असं जपानी उच्चाराने येतं. इंटरनेट आर्काइव्हसारख्या खुल्या संग्रहात जुनी प्रवासवर्णनं आणि मिशनऱ्यांची नियतकालिकं शोधताना ही रूपं टाकली नाहीत तर निम्मं साहित्य नजरेआड राहतं.

आडनावांचाही असाच घोळ आहे. किम, ई आणि पाक या तीनच आडनावांत कोरियातली सुमारे ४५ टक्के माणसं बसतात. त्यात ‘ई’ हे आडनाव ली, री किंवा यी असं लिहिलं जातं आणि पाकचा पार्क होतो. लेखकाच्या रकान्यात नुसतं किम टाकणं म्हणजे जोतिबाच्या यात्रेत नुसतं ‘पाटील’ म्हणून हाक मारणं. पूर्ण नाव, शीर्षकातला एक शब्द आणि वर्ष अशा तीन गोष्टी एकत्र टाकाव्यात. कोरियन नावात आडनाव आधी येतं. काही नोंदींत ते उलटवलेलं असतं, म्हणून दोन्ही क्रम तपासावेत.

आता कपाटांकडे. जिथे विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई पद्धतीने पुस्तकं लावतात, तिथे कोरियाचा इतिहास ९५१.९ वर असतो, त्यातला उत्तर कोरिया ९५१.९३ आणि दक्षिण ९५१.९५. भाषा ४९५.७, साहित्य ८९५.७. हे आकडे पाठ झाले तरी पुरत नाही, कारण कोरियाविषयीची पुस्तकं एका कपाटात नसतात. अर्थव्यवस्था ३३०.९५१९५ वर जाते, बौद्ध धर्म २९४.३ मध्ये, कुस्ती ७९६.८१२ वर. सिरुमवर स्वतंत्र पुस्तक नसलं, तरी याच शेवटच्या क्रमांकावर जगभरच्या कुस्तीप्रकारांवरचं एखादं पुस्तक असेल आणि त्यात कोरियावर प्रकरण असेल. ओपॅकला प्रकरणांची नावं सहसा माहीत नसतात. त्यामुळे कपाटासमोर उभं राहून पुस्तकांच्या मागच्या सूची चाळण्याला पर्याय नाही. तासाभरात पंधरा-वीस पुस्तकं सहज पाहून होतात.

शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रासारख्या मोठ्या ग्रंथालयात गेलं की आपल्याकडचे लोक इश्यू काउंटरपाशी थांबतात, संदर्भ विभागात जात नाहीत. खरं काम तिथे आहे. ‘कोरियावर काही आहे का?’ हा प्रश्न ग्रंथपालाला मदत करत नाही. चिठ्ठीवर विषय, कालखंड, कोणती भाषा वाचता येते, काय शोधून झालं आणि कोणत्या स्पेलिंगने, एवढं लिहून द्यावं. इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राच्या इंडकॅट या संयुक्त सूचीत भारतातल्या कुठल्या विद्यापीठाकडे कोणतं पुस्तक आहे ते पाहता येतं. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि दिल्ली विद्यापीठ इथे कोरियन शिकवलं जात असल्याने बरीचशी वाट दिल्लीकडे जाते. आपलं ग्रंथालय डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सभासद असेल तर पुस्तक किंवा लेखाची प्रत आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवता येते. मागणी करताना लेखक, शीर्षक, वर्ष, आवृत्ती, आयएसबीएन आणि लेख असेल तर पृष्ठ क्रमांक द्यावेत. अर्धवट मागण्या अर्धवटच पडून राहतात. पुस्तक यायला वेळ लागतो आणि ठेवायला दिवस थोडे मिळतात, म्हणून सबमिशनच्या महिन्यात हा मार्ग धरू नये.

इंग्रजी नियतकालिकांची बाजू आता बरीच सोपी झाली आहे. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना सुरू झाली. त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली. केंब्रिज, ऑक्सफर्ड, टेलर अँड फ्रान्सिस, सेज हे प्रकाशक त्यात आहेत. पण योजना नियतकालिकांपुरती आहे; ई-पुस्तकं आणि कोरियन भाषेतले डेटाबेस तिच्यात नाहीत. आवारात बसल्यावर लेख उघडतो आणि घरी गेल्यावर तोच लेख पैसे मागतो, याचं कारण प्रकाशक विद्यापीठाच्या नेटवर्कवरून ओळख पटवतो. घरून वाचायचं तर ग्रंथालयाकडून बाहेरच्या प्रवेशाचं लॉगिन आधी घेऊन ठेवावं. त्याशिवाय ‘कोरिया जर्नल’ कोणाच्याही वर्गणीविना वाचता येतं. हे त्रैमासिक १९६१ सालापासून निघतं, सध्या ते अकॅडमी ऑफ कोरियन स्टडीज काढते. नवख्याने सुरुवात तिथून करावी.

भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा हा ऑनलाइन संग्रह आहेच. तिथे प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या फायलींत ठेवलेला असतो. आपल्या विषयाच्या जवळचा प्रबंध मिळाला की आधी पहिलं प्रकरण उघडू नका, संदर्भसूचीची फाइल उघडा. एका माणसाने चार-पाच वर्षं घालवून जमवलेली ती यादी पंधरा मिनिटांत आपल्या हातात येते.

इथवर इंग्रजीवर निभावतं. पुढे हंगुल ही कोरियन लिपी लागते, आणि याबद्दल आमचं मत ठाम आहे: कोरियन भाषा आली नाही तरी चालेल, लिपी आली पाहिजे. राजा सेजोंगने १४४३ साली तयार करून १४४६ साली प्रजेपुढे ठेवलेल्या या लिपीत आज १४ व्यंजनं आणि १० स्वर, अशी २४ मूळ अक्षरं आहेत. ती रोमनसारखी एका ओळीत मांडत नाहीत. व्यंजन, स्वर आणि शेवटचं व्यंजन एका चौकोनात रचून एक अक्षर करतात. ज्याने बाराखडी गिरवली आहे आणि जोडाक्षरं फोडली आहेत, त्याला ही रचना परकी वाटत नाही. रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत शब्द वाचता येतात, फोनच्या कीबोर्डमध्ये कोरियन जोडून टंकताही येतात. आणि स्पेलिंगांचा सगळा गोंधळ एका झटक्यात संपतो, कारण हंगुलमध्ये सिरुमचं रूप एकच, दोन चौकोनी अक्षरांचं.

त्या दोन अक्षरांनी दोन दारं उघडतात. पहिलं आरआयएसएस, कोरियातल्या विद्यापीठांचे प्रबंध आणि लेख एकत्र दाखवणारी सेवा. शोधपट्टीखाली निकाल प्रकारांत वाटलेले दिसतात. ‘हागवी नोनमुन’ म्हणजे पदवीचे प्रबंध, ‘हाकसुल नोनमुन’ म्हणजे नियतकालिकांतले लेख, ‘दानहेंगबोन’ म्हणजे पुस्तकं. निकालाशेजारी ‘वॉनमुन बोगी’ असं बटण असेल तर मूळ मजकूर उघडता येतो. त्यात काही फुकट असतात, काही दुसऱ्या विक्रेत्याच्या पानावर नेऊन पैसे मागतात. पैसे मागितले की लगेच कार्ड काढू नका. तेच शीर्षक दुसऱ्या दारी, केसीआय या कोरियन उद्धरण निर्देशांकात टाकून पाहा. तिथे बऱ्याच लेखांची पीडीएफ मोफत असते. तरीही मिळालं नाही तर लेखात लेखकाचा ईमेल असतो. आपण कोण, विषय काय आणि लेख कशासाठी हवा, हे चार ओळींत लिहावं.

भाषा येत नसताना या लेखांचा उपयोग काय, असा प्रश्न येईल. कोरियन लेखांना बहुधा इंग्रजी सारांश असतो आणि बीजशब्द दोन भाषांत दिलेले असतात. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की आपल्या विषयाचा कोश आपोआप तयार होतो. सातबा, वाळूचा आखाडा, लोकखेळ, दानो सण, प्रत्येक शब्दाचं हंगुल रूप तिथून उचलायचं आणि परत शोधपट्टीत टाकायचं. पाच लेखांत वीस-पंचवीस शब्द हाती येतात. जोडशब्द असेल तर मध्ये जागा सोडून एकदा आणि न सोडता एकदा शोधा, निकाल वेगळे येतात. शब्दांना राजकारणही चिकटलेलं असतं. दक्षिण कोरिया स्वतःला ‘हांगुक’ म्हणतो, उत्तर ‘चोसॉन’. १९५० सालचं युद्ध दक्षिणेत पुष्कळदा ‘युगिओ’ म्हणून ओळखलं जातं, म्हणजे सहा-दोन-पाच, २५ जून ही सुरुवातीची तारीख. उत्तरेत ते ‘पितृभूमी मुक्तियुद्ध’ असतं. एकच शब्द टाकणारा नकळत एकाच बाजूचं साहित्य गोळा करून बसतो.

जुन्या काळात उतरायचं तर चोसॉन राजवटीच्या इतिवृत्तांची, म्हणजे ‘सिल्लोक’ची साइट पाहावी. १३९२ ते १८६३ अशी ४७२ वर्षांची, २५ राजांची ही नोंद मूळ अभिजात चिनी आणि आधुनिक कोरियन अनुवाद अशा दोन्ही रूपांत मोफत वाचता येते. शेवटच्या दोन राजांची इतिवृत्तं जपानी राजवटीत तयार झाल्याने अभ्यासक ती वेगळी धरतात. साइटवर ती दिसली म्हणून इतरांच्या रांगेत बसवू नयेत. इथे पुन्हा नावाचा प्रश्न येतो. मूळ चिनी मजकुरात सिरुम हा शब्द येणार नाही. तिथे ‘गाकजॉ’ असतो, शिंगं भिडवणं अशा अर्थाच्या दोन चिनी अक्षरांचा. ‘गाक’ म्हणजे शिंग. त्याच्यापुढे बळाचं अक्षर जोडूनही कुस्तीसाठी शब्द होतो. आपल्याकडे कुस्तीच्या आधीचा ‘मल्लयुद्ध’ शोधावा, तसंच हे आहे.

मूळ पान पाहण्याचा हट्ट का धरायचा, याचं एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. रवींद्रनाथ टागोरांनी कोरियावर एक कविता लिहिली आणि ती ‘तोंगा इल्बो’ या वर्तमानपत्रात २ एप्रिल १९२९ रोजी छापून आली. भारत-कोरिया संबंधांवरच्या जवळजवळ प्रत्येक भाषणात तिचा उल्लेख होतो. ‘नेव्हर न्यूज लायब्ररी’ या मोफत संग्रहात १९२० ते १९९९ पर्यंतची कोरियन वर्तमानपत्रं पानांच्या छायाचित्रांसह आहेत. तिथे कवीच्या नावाने शोधू नका, तेव्हाचं लेखन आजच्यासारखं नव्हतं. वर्तमानपत्र निवडा, तारीख निवडा आणि पानं उलटा. मजकूर उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे, हंगुलमध्ये चिनी अक्षरं मिसळलेला आहे. कविता सापडली की तिची लांबी पाहा. ती चार ओळींची आहे. कोरियात पुढे पसरलेली प्रत लांबलचक आहे, कारण नंतर कोणीतरी तिच्या शेवटी ‘गीतांजली’तली ३५ वी कविता जोडली आणि ती जोडणी वर्षानुवर्षं टागोरांच्या कोरियावरच्या कवितेचाच भाग म्हणून वाचली गेली. दुय्यम साहित्यावर विसंबणारा हा जोड पुढे चालवतो. ज्याने पान उघडलं, त्याला तो डोळ्यांनी दिसतो.

काही अडथळे आधीच सांगायला हवेत. कोरियन सरकारी अहवाल बऱ्याचदा पीडीएफऐवजी एचडब्ल्यूपी फाइलमध्ये असतात, ही तिथल्या हानकॉम कंपनीच्या लेखन-प्रणालीची फाइल. वर्डमध्ये ती नीट उघडत नाही, कंपनीचं वाचक-सॉफ्टवेअर घ्यावं लागतं. अनेक साइट सभासद होताना कोरियन मोबाइल क्रमांकाने ओळख पटवायला सांगतात. तिथे अडकून पडू नये, सभासद न होता काय वाचता येतं ते आधी पाहावं. स्कॅन केलेल्या पीडीएफमधून अक्षरं उचलली तर पुष्कळदा कचरा येतो, त्यामुळे महत्त्वाचा परिच्छेद स्वतः टंकावा. यंत्रानुवादाला पापागो बरं आहे, पण कोरियन वाक्यात कर्ता वारंवार गाळलेला असतो आणि यंत्र आपल्या मनाने ‘तो’ किंवा ‘ती’ घालतं. नावांचंही भाषांतर होतं. ‘पाक’ या आडनावाचा सामान्य अर्थ भोपळा आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ अनर्थ टळतील. यंत्राने दिलेलं वाक्य प्रबंधात अवतरण म्हणून कधीही वापरू नका. ज्या दोन-तीन परिच्छेदांवर आपला मुद्दा उभा आहे, तेवढे तरी कोरियन शिकवणाऱ्या जाणकाराकडून तपासून घ्या.

संदर्भ लिहिताना एक पद्धत ठरवून शेवटपर्यंत पाळावी, आणि लेखकाने स्वतःच्या नावाचं जे स्पेलिंग वापरलं असेल ते बदलू नये.

चित्रं हवी असतील तर कोरियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा ऑनलाइन संग्रह पाहा. चित्राशेजारी वापराच्या परवान्याचा सरकारी शिक्का असतो, चार प्रकारांचा. पहिल्या प्रकारात स्रोत दिला की चित्र छापता येतं. अठराव्या शतकातल्या किम होंग-दोने काढलेलं सिरुमचं चित्र तिथेच आहे. मोठ्या आकारात उघडून कोपऱ्यापर्यंत सरकवावं. मधोमध दोन पैलवान एकमेकांना भिडलेत, शेजारी त्यांनी काढून ठेवलेली पादत्राणं आहेत. भोवती कोंडाळं करून प्रेक्षक बसलेत आणि गळ्यात ताट अडकवलेला मिठाई विकणारा पोरगा कुस्तीकडे पाठ करून गिऱ्हाइकं शोधतोय. उजवीकडे खाली बसलेल्या एका प्रेक्षकाचे पंजे पाहा, डावा आणि उजवा यांची अदलाबदल झाली आहे. चित्र उतरवून घेताना त्याखालचा संग्रह-क्रमांक त्याच वेळी टिपून ठेवावा. छापताना तोच विचारला जातो.